माझा आवाज शेवगावात आधीच पोहोचला होता

परिषदेच्या नावातले 'नैतिक नवोन्मेष' हे दोन शब्द न अडखळता म्हणणारा एकही माणूस मला त्या प्रवासात भेटला नाही. निवेदिका 'नवोमेश' म्हणाली, उद्घाटक 'नवनिर्माण' म्हणून मोकळे झाले, आणि स्वागत कमानीवर छापणाऱ्याने 'नवा उन्मेष' असं करून टाकलं, जे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. त्याच कमानीवर माझं नाव वसुधाऐवजी वसुंधरा होतं. मी ते संयोजकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "अर्थ एकच आहे ना ताई."

मी मुलाखती घेते. आधी पुष्कळ वर्षं रेडिओवर घेतल्या, आता नितीन नावाच्या माझ्या भागीदाराबरोबर 'जरा बसा' हा कार्यक्रम इंटरनेटवर चालवते. मी विचारते, तो चित्रित करतो. करार, जाहिराती, कोणाशी काय बोलायचं हे सगळं तोच बघतो, कारण मला त्यातलं कळत नाही आणि कळून घ्यायचा कंटाळा आहे. त्यामुळे राहात्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या परिषदेचे आपण 'माध्यम भागीदार' झालो आहोत, हे मला त्याने सांगितलं तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, की म्हणजे करायचं काय.

"त्यांच्या मंचावर मुलाखती घ्यायच्या. त्या आपण दाखवायच्या. आणि जाताना एका आजींना भेटायचं. परिषदेत ज्याचा सत्कार आहे ना, मिहिर, त्याच्या शोधाचा त्यांना फायदा झालाय. त्यांचं थोडं चित्रण करून न्यायचं."

"जाताना म्हणजे कुठे?"

"शेवगावकडे."

पुण्याहून राहात्याला जाताना शेवगाव लागत नाही. हे नितीनला नकाशा उघडून दाखवावं लागलं. तोवर तो हो म्हणून बसला होता.

शेवगावच्या अलीकडे, पलीकडे

जानेवारीतली थंडी होती. नगर सोडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलो आणि करंजी घाटापासून गार वारा काचेच्या फटीतून आत यायला लागला. गाडीची ती काच पूर्ण बंद होत नाही. ती दुरुस्त करायची असं आम्ही दोघं प्रत्येक प्रवासात ठरवतो. घाट उतरल्यावर तिसगावात चहा घेतला. हॉटेलवाल्याने कुठं निघालात म्हणून विचारलं. नितीनने राहात्यातल्या परिषदेचं पूर्ण नाव सांगितलं. हॉटेलवाला जरा थांबून म्हणाला, "शिर्डीला व्हय. बरंय."

दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर आलेली, कणसं भरत होती. कुठे तूर कापून बांधावर उभी केलेली. गावं मात्र रिकामी वाटत होती. दारांना कड्या, अंगणं न झाडलेली, एखाद्या ओट्यावर शाल गुंडाळून बसलेलं म्हातारं माणूस. या बाजूची बरीचशी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जातात आणि उन्हाळा लागताना परत येतात. आम्ही पुण्यात बसून त्यांच्या ऊसतोडीवर दोन भाग केले होते. त्यांच्या मागे राहिलेल्या गावात मात्र मी पहिल्यांदाच येत होते.

शेवगावच्या पुढे मोबाईलच्या नकाशाने आम्हाला एका पाणंदीत घातलं. ती एका विहिरीपाशी संपली. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून नितीन उलटा चालवत आला आणि मी मागे चालत त्याला डावीकडे, उजवीकडे असं ओरडत होते. त्या आवाजाने समोरच्या वस्तीवरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. काठी नव्हती, पण गुडघ्यावर हात ठेवून चालत होती. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आलीस व्हय. मला वाटलंच, आवाज तुजाच हाय."

याच त्या आजी, भागूबाई. आम्ही शोधत होतो ते हेच घर.

मला बरं वाटलं, हे मान्य करायला हवं. अशा आडबाजूच्या वस्तीवर कोणी आपल्याला आवाजावरून ओळखावं, म्हणजे कार्यक्रम इथवर पोहोचला. मी नितीनकडे जरा ऐटीत बघितलंही. तो का कोण जाणे, गाडीचं मागचं दार उघडून काहीतरी शोधत होता.

भागूबाईंनी ओट्यावर पोतं अंथरलं. त्यांचा मुलगा दत्तू आणि सून संगीता ऊस तोडायला कोल्हापूरकडे गेलेत, नातवंडंही बरोबर गेलीत, घरात त्या एकट्याच. हे सगळं त्या मला नव्याने सांगत नव्हत्या. मला ते माहीत आहे अशाच बोलत होत्या.

"दत्तूचा फोन आल्ता. आता फड बदलला म्हनतोय. आन तू सांगितलं तसं गरम पान्यात पाय ठिवते, पन गुडघा काय ऐकत न्हाई."

मी म्हटलं, "हो का."

मग त्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या दिशी सांगितलेलं कुनाला बोलली न्हाईस ना?"

मी गोंधळले. कुठल्या दिवशी, काय सांगितलेलं, मला काहीच कळेना. पण त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी होती, की माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही, नाही बोलले." त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी कोण, कुठले, काय काम हे होतं आणि मग चहाचं बघतात. इथे भागूबाईंनी काहीही न विचारता चूल पेटवली. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करून ठेवलेले होते. पिठाची बोटाएवढी वेटोळी, लसूण आणि मिरचीच्या पातळ रश्शात शिजवलेली. त्याबरोबर बाजरीची भाकरी. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

हात धुवून नितीन कॅमेरा लावत होता तेवढ्यात भागूबाईंचा फोन वाजला. साधा, बटणांचा फोन. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मुलाने तो मोठ्या आवाजावर ठेवून दिला होता. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

"नमस्कार आजी, मी ताई बोलतेय. जेवण झालं का तुमचं? हं?"

तो माझा आवाज होता.

माझ्यासारखा नव्हे, माझाच. प्रश्न विचारून झाला की मी शेवटी बारीक 'हं?' करते. रेडिओवर आमच्या साहेबांनी ती सवय मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला होता. तो 'हं' त्या फोनमधून आला आणि माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

भागूबाई फोनकडे बघत होत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"तू हितं हायस," त्या म्हणाल्या. "मंग ह्यो कोन?"

फोन म्हणाला, "छान. बीपीची गोळी घेतली का? हं?"

मी फोन हातात घेऊन बंद केला. नितीनकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून मला विचारायची गरज उरली नाही, पण मी विचारलं, आणि भागूबाईंच्या समोरच विचारलं, कारण तो प्रश्न त्यांचाही होता.

"तुला माहीत होतं?"

"आवाज तुझा असेल हे माहीत नव्हतं," नितीन म्हणाला. "मिहिरच्या लोकांनी आपले जुने भाग मागितले होते. म्हणाले, मशीनला नीट मराठी बोलायला शिकवायचंय, तुमच्या ताईंची मराठी स्वच्छ आहे. मी दिले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगायला फोन केला होता. तू नवोन्मेष हा शब्द ऐकला आणि ठेवून दिलास."

हे खरं असावं. त्यामुळे माझा संताप जास्तच वाढला.

मग भागूबाईंना समजावून सांगणं आलं. मी म्हटलं, रोज फोन करते ती मी नाही. कॉम्प्युटर आहे. माझा आवाज घेऊन तो बोलतो. त्या म्हणाल्या, टेप लावत्यात का. मी म्हटलं, टेप नाही, तुम्ही जे बोलता ते ऐकून तो उत्तर देतो. मग त्या आठवून सांगू लागल्या. दत्तूने ऊसतोडीला जाताना सांगितलं होतं, आई, रोज एका बाईंचा फोन येईल, तुझी विचारपूस करतील. शेवगावात काही लोक आले होते, त्यांना त्याने नंबर दिला होता. दत्तूलाही ती बाई बाईच वाटत होती की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

"कॉम्पुटर," भागूबाई म्हणाल्या. "मंग मी जे सांगितलं, ते ऐकलं कुनी?"

मी नितीनकडे बघितलं. तो कॅमेरा पिशवीत भरू लागला.

"विचारून येते," मी म्हटलं. "परवा येऊन सांगते."

"इचारून ये," त्या म्हणाल्या. आम्ही निघताना त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. ओट्यावरच बसून राहिल्या, फोन बाजूला पोत्यावर ठेवून.

राहाता

नेवाशावरून श्रीरामपूर आणि पुढे राहाता, या सगळ्या रस्त्यात आम्ही एकमेकांशी फक्त वळणांबद्दल बोललो. मुलूख कसा बदलत जातो हे त्या रस्त्याने बघावं. सकाळी कोरडी माती, आणि संध्याकाळी दोन्ही बाजूंना उभा हिरवा ऊस, मध्येच पेरूच्या बागा, रस्त्याच्या कडेला टोपल्यांत रचलेले पेरू, मागे दुमजली बंगले. एकाच जिल्ह्यातली ही दोन टोकं. पूर्वेची माणसं घर बंद करून ऊस तोडायला जातात आणि इथे तोच ऊस कारखान्याकडे निघालेला, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे आमची गाडी, ओव्हरटेक करायला वाव नाही, आणि ट्रॅक्टरवर गाणी लागलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिषदेचं उद्घाटन. समई होती, पण ती पेटवायची नव्हती. उद्घाटकांनी टॅबलेटवर बोट ठेवायचं आणि समईतल्या ज्योतींचे दिवे लागायचे, अशी योजना होती. बोट ठेवलं, दिवे लागले नाहीत. पुन्हा ठेवलं. कोणीतरी मागे जाऊन वायर हलवली तेव्हा पाचांतले तीन लागले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, रोपटं. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. आमच्या पुण्यातही हेच असतं, पण तिथे निदान माणसं घड्याळ बघतात. जेवणात भरडधान्यांचा पास्ता होता. आदल्या दिवशीच्या शेंगोळ्यांची आठवण येऊन मी तो तसाच ठेवून दिला.

मिहिर मला जेवणाच्या रांगेत भेटला. तिशीतला, चष्मा लावलेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. खरं सांगायचं तर आवडावा असा मुलगा. त्याच्या सेवेचं नाव 'विचारपूस'. मुलं बाहेरगावी गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना रोज फोन करायचा, जेवणाचं, औषधाचं विचारायचं, काही गडबड वाटली तर घरच्यांना कळवायचं.

"ताई, तुम्हाला आधीच कळलं म्हणे," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मला वाटलं, ओशाळला असेल. "मंचावर सरप्राइज द्यायचं होतं आम्हाला. तुमच्यासमोर तुमचा आवाज लावणार होतो."

"आणि मी काय करायचं होतं?"

"तुम्हाला आनंद होईल असं वाटलं होतं. आम्ही पुष्कळ आवाज लावून बघितले. कुठल्याच आवाजाशी आजी-आजोबा इतकं बोलले नाहीत. तुमच्या आवाजात विश्वास आहे ताई."

"तो माझा आहे ना पण."

"आम्ही नाव नाही वापरलं तुमचं. नुसतं 'ताई' म्हणतो."

तो हे अगदी मनापासून म्हणाला. मी ताट ठेवून दिलं आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले. तिथे परिषदेचे संयोजक गाडेकर सर आले. त्यांना बहुतेक नितीनने सांगितलं असावं.

"ताई, दुपारची मुलाखत मिहिरचीच आहे. जरा सकारात्मक ठेवू विषय," ते म्हणाले. "उद्या त्याचा पुरस्कार आहे."

"कशासाठी पुरस्कार?"

गाडेकर सरांनी मोठ्या कष्टाने ते दोन शब्द उच्चारले.

दुपारी सभागृह भरलं होतं. पुढे पाहुणे, मागे विद्यार्थी. मी मिहिरला आधी साधेच प्रश्न विचारले, कारण मुलाखतीत माणसाला पहिल्या प्रश्नातच गाठायचं नसतं, एवढं मला कळतं. कल्पना कशी सुचली, गावागावांत कसे फिरलात, सुरुवातीला काय चुकलं. तो छान बोलला. मग मी म्हटलं, "शेवगावकडे भागूबाई म्हणून आहेत. त्यांना तुमचा फोन रोज येतो. त्यांनी मला एक प्रश्न दिलाय तुम्हाला विचारायला. मी जे सांगितलं ते ऐकलं कुणी?"

मिहिर हसला. "कुणीही नाही. अगदी खात्रीने सांगतो. सगळं सुरक्षित साठवलेलं असतं, आमच्यातला कुणीही माणूस ते ऐकत नाही."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपेपर्यंत मी थांबले. "तो फोन माझ्या आवाजात येतो," मी म्हटलं. "मला न विचारता. भागूबाई ज्या बाईला मनातलं सांगत होत्या ती बाई म्हणजे मी, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आता तुम्ही म्हणताय, ते कुणीच ऐकलं नाही. मी जाऊन त्यांना हेच सांगू का?"

मिहिरने माईक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला. सभागृहात कुजबुज सुरू झाली. गाडेकर सर तत्परतेने मंचावर आले आणि म्हणाले, की ताईंनी अतिशय मोलाचा मुद्दा मांडलेला आहे, नैतिकतेचं याहून चांगलं उदाहरण असू शकत नाही, आणि म्हणून उद्या सकाळी 'आवाज आणि संमती' या विषयावर खास परिसंवाद ठेवत आहोत, ताई स्वतः त्यात असतील. पुन्हा टाळ्या. मला शाल घातली गेली. माझ्या रागाचा त्यांनी दहा मिनिटांत कार्यक्रम करून टाकला होता, आणि मी शाल घेऊन उभी होते.

मंचामागे मिहिर माझ्याजवळ आला.

"आवाज आज बंद करतो," तो म्हणाला. "आत्ताच. दुसरा लावतो. पण आजी चिडल्यात का?"

"चिडल्या नाहीत. गप्प बसल्यात. मी उद्या सकाळी जाणार आहे त्यांच्याकडे. तूही चल."

"उद्या पुरस्कार आहे ताई."

"मग राहू दे," मी म्हटलं.

संध्याकाळी नितीन माझ्या खोलीच्या दारात आला. परिसंवादाचं काय करायचं, त्यांनी पत्रिकेत नाव टाकलंय, असं म्हणाला. मी म्हटलं, टाकू दे, वसुंधराचं टाकलं असेल. तो मग म्हणाला, "सकाळी किती वाजता निघायचं?"

पुन्हा भागूबाईंकडे

निघताना राहात्यात पेरू घेतले. विकणाऱ्या बाईंनी एक कापून मीठ लावून दिला आणि मी विकत घेतेय की नाही याची वाट न बघता पिशवी भरायला सुरुवात केली. इकडच्या बायकांचा हा ठामपणा मला फार आवडतो, आपल्यावर चालला नाही तर.

भागूबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"इचारलं का?"

"विचारलं," मी म्हटलं. आणि जे होतं ते सांगितलं. तुमचं बोलणं कोणा माणसाने ऐकलेलं नाही. कॉम्प्युटरने ऐकलं आणि ठेवून दिलं. ते सगळं आहे त्यांच्याकडे. उद्या कोणाला ऐकायचं झालं तर ऐकता येईल. माझ्या आवाजात आता फोन येणार नाही.

"म्हंजी कुनीच न्हवतं तिकडं," त्या म्हणाल्या.

"नव्हतं."

त्यांनी एक शेंग उचलून सोलली आणि दाणे हातातच ठेवले. "म्या संगीचं बी सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "तिनं मला सांगितलेलं, कुनाला बोलू नका म्हनून. माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई. वाटलं, लांबची बाई हाय, तिला काय करायचंय." मग मान वर करून म्हणाल्या, "ते पुसून टाकता येतंय का?"

मी तिथूनच मिहिरला फोन लावला. तो दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे माईकचा आवाज येत होता. मी फोन भागूबाईंच्या हातात दिला.

"मी भागूबाई. माझं बोलनं पुसून टाक," त्या म्हणाल्या.

तो काहीतरी बोलला. त्याची एक पद्धत असते, विनंती येते, मग ती पुढे जाते, असं काहीसं.

"मला कसं कळनार पुसलं म्हनून?"

तिकडून काहीच आवाज आला नाही. भागूबाईंना वाटलं फोन कटला, म्हणून त्यांनी तो मला परत दिला. कटला नव्हता. मिहिर म्हणाला, "मी येतो ताई. हे संपलं की येतो."

माझा विश्वास बसला नाही. पण आम्ही थांबलो. मी तुरी झोडपू लागले, तर भागूबाईंनी माझ्या हातातलं दांडकं काढून घेतलं, कारण मी शेंगांपेक्षा जमिनीलाच जास्त मारत होते. नितीनने कॅमेऱ्याची पिशवी गाडीतून काढलीच नाही. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. परिषदेच्या मंडळींना जे चित्रण हवं होतं ते आता होणार नव्हतं आणि त्यासाठी नितीनला फोन येत होते. तो ज्वारीच्या कडेने फेऱ्या मारत एकेकाला नाही म्हणत होता.

ऊन कलताना मिहिरची गाडी आली. तीही आधी विहिरीपर्यंत गेली आणि उलटी फिरून आली. तो परिषदेच्याच कपड्यांत होता, कोटाला बिल्ला तसाच. मागच्या सीटवर पुरस्काराचं चिन्ह होतं, कसलंसं पान आणि त्यावर चक्र. त्याने ते तिथेच राहू दिलं आणि लॅपटॉप घेऊन आला.

भागूबाईंनी त्याला पोत्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि शेजारी बसल्या. "आता दाव," त्या म्हणाल्या.

तो सगळं एकदम पुसू शकला असता. तसं म्हणालाही. पण त्यांना वाचता येत नव्हतं. पडद्यावर काय पुसलं जातंय हे त्यांना कळणार नव्हतं. म्हणून त्याला एकेक फोन वाजवून दाखवावा लागला. थोडंसं ऐकलं की त्या म्हणत, "पुस." तो पुसत असे. पुढचा. "पुस."

पहिल्या काही वेळा मिहिर पडद्याकडेच बघत होता. मग त्याचं बघणं बदललं. ही सेवा त्याने स्वतः उभी केली होती, आणि माझी खात्री आहे, की यातला एकही फोन त्याने कधी ऐकलेला नव्हता. एकेक बोलणं ऐकू येत होतं, सकाळी दुखणाऱ्या गुडघ्याचं, पहाटे कोणी हाक मारल्यासारखं वाटतं त्याचं, एकदा चक्कर येऊन चुलीपाशी बसून राहिल्याचं. चक्कर आल्याचं ऐकून त्याने भागूबाईंकडे बघितलं. "हे दत्तूदादांना कळवायला हवं होतं आमच्या सिस्टिमने," तो म्हणाला.

"न्हाई कळवलं, बरंच झालं," त्या म्हणाल्या. "तो काम टाकून आला असता. पुस."

संगीताचं आलं तेव्हा त्यांनी मला आणि नितीनला उठून पलीकडे जायला सांगितलं. आम्ही गेलो. मिहिरला त्यांनी बसवून ठेवलं, तोच पुसणार होता म्हणून. आम्ही परत आलो तेव्हा तो चष्मा पुसत होता. ते काय होतं हे मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही.

मग एक असा आला, की सुरुवातीलाच त्यांच्या हसण्याचा आवाज. "ताई, आगं शेळी याली. दोन झाली. रातच्यालाच. म्या एकलीनं सगळं केलं बघ."

भागूबाईंनी हात वर केला. "हे ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ह्यात काय झाकायसारखं न्हाई." त्या लॅपटॉपवर वाकल्या. स्वतःचा आवाज त्या आधीही ऐकत होत्या, पण पुसायच्या घाईत. आता कान लावून ऐकत होत्या. "मी आशी बोलते व्हय," म्हणाल्या.

लॅपटॉपमधून माझा आवाज आला. "वा, छान आजी. आणि बीपीची गोळी घेतली का? हं?"

भागूबाई सरळ झाल्या.

"बघ," त्या मला म्हणाल्या, जणू आम्ही दोघी मिळून तिसऱ्या कोणाबद्दल बोलत होतो. "हिनं शेळीचं इचारलंच न्हाई."

मग मिहिरला म्हणाल्या, "हे बी पुस."

त्याने पुसलं. यादी रिकामी झाली. त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून रिकामा पडदा दाखवला. त्यांनी बघितल्यासारखं केलं. "रोजचा फोन चालू ठेवू की नको आजी?" त्याने विचारलं. त्याचा आवाज आता अगदी हळू झाला होता.

"गोळीचं इचारायला कर," त्या म्हणाल्या. "पन मशीन हाय तर मी मशीन बोलतोय म्हनून बोल. उगा ताई-बिई म्हनू नको."

तो हो म्हणाला. त्याप्रमाणे त्याने केलं, आणि नुसतं भागूबाईंपुरतं नाही, असं त्याने नंतर मला कळवलं. लोक आता फोनवर कमी बोलतात, हेही कळवलं. परिषदेबरोबरची आमची भागीदारी अर्थातच मोडली. माझी मंचावरची मुलाखत त्यांनी काढून टाकली. आमच्याकडे असलेली आम्ही दाखवली, नितीनच्याच आग्रहाने, एकही शब्द न कापता.

पण तिथे, त्या संध्याकाळी, भागूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या होत्या आणि शेंगा गोळा करायला वाकणार होत्या. मी विचारलं, "भागूबाई, दोन्ही करडं पाठीच झाली का? की बोकड?"

त्या थांबल्या.

"येक बोकड, येक पाठ," त्या म्हणाल्या. "पाठ आक्षी आयीवानी काळी. बोकडाच्या कपाळाला पांढरा ठिपका. पाय आडकला हुता त्याचा, मला वाटलं जातंय आता." आणि बोलता बोलताच घराच्या मागच्या बाजूला चालू लागल्या. आम्ही तिघं त्यांच्या मागे गेलो. पाठ गोठ्याच्या कोपऱ्यात होती. बोकड मिहिरच्या कोटाचा बिल्ला चघळायला लागला, आणि भागूबाई त्याला हाकलायचं सोडून ती सगळी रात्र आम्हाला पहिल्यापासून सांगू लागल्या.